तात्या, तुमच्या लाल शाईबद्दल

सुभेदार दत्तात्रय रामचंद्र शेडगे, माझे तात्या. ज्या माणसाचा मी सगळ्यांत जास्त ऋणी आहे त्याचं नाव आधी पूर्ण लिहिलं, कारण अर्धवट नाव लिहिलेला कागद तुम्ही परत करायचात. "बापाचं नाव कुठाय?" म्हणायचात. तुमच्याबद्दल लिहायला बसलो तर तीच भीती वाटते. कुठंतरी एक रकाना मोकळा राहील आणि तुम्ही कागद माझ्याकडं परत सरकवाल.

परवा तुमचा दहावा झाला. मला रजा मिळाली ती पुढच्या आठवड्यातली, म्हणून मी इथं अबुधाबीत, हॉस्पिटलच्या फार्मसीच्या काउंटरवर होतो. दुपारी एक उंच माणूस आला. सिक्युरिटीचा युनिफॉर्म, केस बारीक कापलेले, वय पन्नाशीचं. प्रिस्क्रिप्शन पुढं केलं, पाय जुळवले आणि म्हणाला, "सर, मुझे सल्फा मना है." मी "एक मिनट" म्हणून आत गेलो आणि औषधांच्या फ्रीजसमोर उभा राहून रडलो. तुमच्या जाण्याची बातमी आली तेव्हाही रडलो नव्हतो.

आपलं नातं रक्ताचं नाही. माझे वडील दहिवडीच्या एसटी कँटीनमध्ये भजी तळायचे आणि तुम्ही त्यांचे चौथीपर्यंतचे वर्गमित्र. सुट्टीवर आलात की ट्रंक घेऊन आधी कँटीनला यायचात, मग घरी. आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. मला फार्मसीला जायचं होतं, पण पुण्यात प्रवेशाच्या फेरीला जायचं म्हटल्यावर वडील मागं सरले. ऑफिस म्हटलं की ते चप्पल बाहेर काढायचे. तुम्ही सुट्टीचे दोन दिवस मोडून माझ्याबरोबर आलात. आदल्या दिवशी माझी सगळी कागदपत्रं आमच्या घरातल्या पलंगावर पसरलीत आणि प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं नंबर टाकलात. एक, दोन, तीन, असे चौदापर्यंत. मग मला सांगितलंत, "मूळ प्रत कुणाच्या हातात द्यायची नाही. मागितली तर दाखवायची. द्यायची ती झेरॉक्स. आणि कुणालाही पत्र पाठवलंस तर त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवायची. फौजेत त्याला ऑफिस कॉपी म्हणतात."

त्या दिवशी प्रवेश झाला. येताना बसमध्ये तुम्ही एवढंच म्हणालात, "आता नापास झालास तर बघ."

नंतर तुम्ही निवृत्त होऊन इकडं आलात, सिक्युरिटी सुपरवायझर झालात. मी पदवी घेऊन दोन वर्षं औषधाच्या दुकानात उभा होतो. फोन करून म्हणालात, "इकडं ये, लायसनची परीक्षा दे. खोलीत एक बेड हाय." मुसफ्फा या कामगार वस्तीतल्या त्या खोलीत आपण सहाजण होतो. रोज संध्याकाळी ड्युटीवरून आल्यावर तुम्ही बूट काढायचात, हातपाय धुवायचात आणि माझं प्रश्नांचं पुस्तक हातात घेऊन खाटेवर बसायचात. मी समोर उभा. बसून उत्तर दिलेलं तुम्हाला चालायचं नाही. इंग्रजी औषधांची नावं तुम्ही परेडच्या आवाजात वाचायचात. खोलीतला केरळचा ड्रायव्हर म्हणायचा, "सुभेदारजी, ये दवाई का नाम है या दुश्मन का?"

त्यातली एक संध्याकाळ तेव्हा मला कळली नव्हती. तुम्ही विचारलंत, "तीव्र अलर्जीची लक्षणं सांग." मी सांगितली. अंगावर गांधी उठणं, खाज, ओठ आणि चेहरा सुजणं, घशात घरघर, श्वास लागणं. तुम्ही पुस्तकातलं उत्तर वाचलंत. मग पुन्हा वाचलंत, मनात. त्याखाली नुसती चक्कर येऊन पडण्याबद्दल वेगळं दिलं होतं. माणूस पांढरा पडतो, घाम येतो, आडवं केलं की थोड्या वेळात बरा होतो. सुईच्या भीतीनं, उपाशीपोटी, उकाड्यानं असं होतं. तेही तुम्ही वाचलंत. पुस्तक मिटलंत. "आज एवढंच," म्हणालात आणि चहा ठेवायला उठलात. तुम्ही एका रात्रीत शंभर प्रश्नांच्या आधी कधी सोडलं नव्हतंत. मला वाटलं, दमला असाल.

मी पास झालो. नोकरी लागली. त्यानंतर तुमचे गार्ड आजारी पडले की तुम्ही त्यांना घेऊन आमच्याकडंच यायला लागलात. बरेचसे फौजेतून आलेले. काही आपले, काही गढवालचे, एक-दोन नेपाळचे. त्यांना अलर्जीबद्दल विचारता विचारता मला एक गोष्ट लक्षात आली, ती कुठल्या पुस्तकात नव्हती. साध्या माणसाला विचारलं, "या औषधानं काय झालं होतं?" तर तो अंगाचं सांगतो. पुरळ उठलं, उलटी झाली. सैनिकाला विचारलं तर तो कागदाचं सांगतो. कुणी लिहिलं, कुठल्या ठाण्यावर लिहिलं, लिहिणाऱ्याचा हुद्दा काय. "कर्नल साहब ने लिखा है." काय झालं होतं, असं पुन्हा विचारलं की गोंधळतो. ते त्याला कुणी विचारलेलंच नसतं. लिहिलं गेलं, संपलं. औषध सोसत नाही असं तो म्हणत नाही. "मना है" म्हणतो. म्हणजे मनाई.

नेपाळच्या एका गार्डनं तर सांगितलं, "हमारी पूरी पलटन को उस सुई से बुखार आया था. पूरी पलटन अलर्जिक है." तुम्ही शेजारच्या खुर्चीत बसून इतके हसलात की नर्स बघायला आली.

मग मी विचारायची पद्धत बदलली. म्हणायचो, "कागदावरची शाई बाजूला ठेवा. त्या दिवशी सकाळपासून सांगा. उठलात, मग? काही खाल्लं होतं का?" माणसं हळूहळू सांगायला लागायची. काहींची अलर्जी खरी असायची, अंगावर काटा येईल अशी. त्यांच्या कार्डावर मी अजून ठळक लिहायचो. काहींचं ऐकून वाटायचं, हे तपासून घ्यायला हवं. त्यांना मी अलर्जीच्या डॉक्टरांकडं पाठवायचो. तुम्ही हे सगळं ऐकत असायचात. सकाळपासून सांगा, हे वाक्य तुम्ही किती वेळा ऐकलं असेल! तुम्हाला मात्र मी ते कधी विचारलं नाही. तुमचं मला माहीत आहे, असं मी धरून चाललो होतो.

कारण तुमचं तर जगाला माहीत होतं. पाकिटात काकूंच्या फोटोमागं प्लॅस्टिकमध्ये गच्च बंद केलेला तो कागद, फौजेच्या मेडिकल बुकातल्या पानाची रंगीत झेरॉक्स. लाल शाईत दोन शब्द, पेनिसिलिन अलर्जी. खाली सही. दाताच्या डॉक्टरकडं गेलात तरी दारातच टाचा जुळवून, "पेनिसिलिन अलर्जिक, सर!" तुमच्या घरातल्या सगळ्यांना ते पाठ होतं. तुमच्या संतोषला शाळेत निबंध होता, 'माझे बाबा'. त्यात त्यानं लिहिलं होतं, माझ्या बाबांना पेनिसिलिन चालत नाही. माझी इरा तुमच्या मांडीवर बसून विचारायची, "तात्या आजोबा, व्हॉट हॅपन्स इफ यू ईट इट?" तुम्ही म्हणायचात, "खलास!" आणि डोळे पांढरे करून मागं पडायचात. ती टाळ्या वाजवायची.

मग तुमच्या पायाच्या अंगठ्याला ती जखम झाली. साखर वाढलेली, त्यात बारा-बारा तास टॉवरच्या लॉबीत बुटात उभं राहायचं. दुसऱ्या जातीच्या गोळ्यांवर कशीबशी भरून आली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "या वेळी निभावलं. पुढच्या वेळी जंतू रक्तात गेले तर सगळ्यांत चांगली औषधं पेनिसिलिनच्या घराण्यातली. ते बरे आहेत तोवर तपासून घ्या. आजारात तपासायला वेळ नसतो."

मी तपासणीची वेळ घेतली. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून आलात. तिथल्या नर्सनं संमतीचा फॉर्म दिला. तुम्ही खिशातला चष्मा लावून तो पूर्ण वाचलात आणि माझ्याकडं वळलात.

"यात लिवलंय, रिअ‍ॅक्शन येऊ शकते."

"तात्या, ते सगळ्यांनाच लिहितात. अगदी थोडं औषध कातडीवर देतात, मग वाढवतात. डॉक्टर शेजारी उभे असतात."

"मग काही होणार नाही असं तू लिहून दे."

"असं कुणीच लिहून देऊ शकत नाही."

"म्हणजे तोंडी. फौजेत तोंडी काही नसतं, प्रकाश. लाल शाईत लिवलेलं तोंडानं पुसायचं?"

"चाळीस वर्षांपूर्वीचं आहे ते!"

"हुकूम जुना झाला म्हणून रद्द होत नाही."

तुम्ही फॉर्म दुमडला नाहीत. नीट टेबलावर ठेवलात आणि निघालात. लिफ्टपाशी मी म्हणालो, "तात्या, हा अडाणीपणा आहे."

ज्या माणसानं मला शिकवलं त्याला मी अडाणी म्हणालो. लिफ्टमध्ये आपण दोघंही वरचे आकडे कमी होताना बघत राहिलो. खाली आल्यावर तुम्ही म्हणालात, "इराला सांग, शुक्रवारी येतो."

त्यानंतर वर्षभरात आपण हा विषय चार-पाच वेळा काढला आणि प्रत्येक वेळी मीच आवाज चढवला. तुम्ही कायमचे गावाला निघालात तो दिवस आला तरी वाद मिटला नव्हता. दुपारचं विमान होतं. तुम्हाला सोडायला मी गाडी काढली. वाटेत पेट्रोल पंपावर थांबलो आणि दोन कागदी कपांत करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा घेतला, तुमचा बिनसाखरेचा करून मागितला, तो त्यांनी नेहमीसारखा साखर घालूनच दिला. तुम्ही तो हातात धरून बसलात. प्यायला नाहीत. समोर बघत म्हणालात, "तू त्या गार्ड लोकांना इचारतोस ना, सकाळपासून सांगा म्हणून. माझं ऐक."

आणि सांगितलंत. तुम्ही एकोणीस वर्षांचे, ट्रेनिंग सेंटरमध्ये. बुटानं टाच सोललेली, त्यात पू झालेला. सकाळी पळून आलात, नाश्ता चुकला. दवाखान्यात रांग. पुढच्या पोराला दिलेली सुई तुम्ही पाहिलीत. तुमची पाळी आली. सुई दंडाला लागली एवढं आठवतं. औषध आत गेलं की नाही, ते आजही माहीत नाही. डोळ्यांपुढं काळोख झाला आणि तुम्ही पडलात. जागे झालात तेव्हा मागच्या रांगेतली पोरं हसत होती. डॉक्टर कॅप्टन वाकून विचारत होते, "खुजली हुई? साँस में तकलीफ?"

"मी म्हणलो, खुजली सर, पूरे बदन में. पोरं गप झाली, प्रकाश. एकदम गप. कॅप्टननी लाल पेन काढलं."

तुम्ही कप डॅशबोर्डवर ठेवलात. "खाज आली नव्हती. मी सुईला घाबरलो होतो. आता सांगून सांगून मला खाज खरंच आठवायला लागलीय. खरं काय ते मलाच कळंना."

आणि मी हसलो.

तात्या, मी का हसलो ते मी रोज स्वतःला विचारतो. सुटका झाल्यासारखं वाटलं म्हणून असेल. चाळीस वर्षं टाचा जुळवून, निबंधात, मांडीवरच्या नातीसमोर मिरवलेली ती गोष्ट अशी निघाली म्हणूनही असेल. पण कारण काहीही असो, तुमच्या कानांना ते हसू रांगेतूनच आलं. तुम्ही घड्याळ बघितलंत. म्हणालात, "यल्ला, चल, उशीर होतोय."

विमानतळावर ट्रॉली मला ढकलू दिली नाहीत. आत जाताना वळून हात जोडलेत. नेहमी डोक्यावर टपली मारायचात.

घरी आलो आणि तुम्हाला पत्र लिहिलं. फोन नाही, मेसेज नाही, कागदावर, मराठीत, कारण तुम्ही लिहून मागितलं होतंत. गावच्या पत्त्यावर रजिस्टर्ड पाठवलं. तुमचं उत्तर आलं नाही. फोनवर बोलायचो तेव्हा तुम्ही पाण्याच्या टँकरचं बोलायचात, संतोषच्या बदलीचं बोलायचात. मी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाहीत. पत्र पोचलं की नाही हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

बाकीचं मला काकूंनी सांगितलं, तुमच्यानंतर, फोनवर, थांबत थांबत. जखम पुन्हा झाली. या वेळी ताप आला, थंडी वाजली. संतोषनं तुम्हाला मोठ्या हॉस्पिटलमध्ये नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काही अलर्जी? तुम्ही तोंड उघडायच्या आत संतोष म्हणाला, "पेनिसिलिन." लहानपणापासूनचं पाठ होतं त्याचं. त्यानं फाइलही पुढं केली. तुम्ही बनवलेली, नंबर टाकलेली, सगळ्या झेरॉक्स. मूळ कागद तुमच्या उशाखाली वेगळ्या फाइलमध्ये होते. डॉक्टरांनी जे वाचलं त्याप्रमाणं केलं. त्यांची चूक नाही. मीही तेच केलं असतं. त्यांनी दुसरं औषध दिलं. ताप उतरेना, आणि त्या औषधानं किडनीवर ताण यायला लागला.

चौथ्या दिवशी सकाळी राउंडच्या वेळी तुम्ही संतोषला म्हणालात, "खाली जाऊन माझ्यासाठी चहा आण." काकू म्हणाल्या, "मला नवल वाटलं. गावी आल्यापास्नं च्याला शिवले नव्हते." संतोष गेला. तुम्ही उठून बसायचा प्रयत्न केलात. बसता आलं नाही. झोपूनच डॉक्टरांना सांगितलंत, "साहेब, ते लाल शाईतलं खात्रीचं नाही. खाज आली नव्हती. मी घाबरून पडलो होतो."

शेजारच्या कॉटवरच्यांनीसुद्धा ऐकलं, असं काकू म्हणाल्या. कुणी हसलं नाही.

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. बारीकसारीक सगळं विचारलं. मग त्याच दिवशी तपासलं, आधी कातडीवर कणभर, मग थोडं, मग थोडं जास्त. काही झालं नाही. तुमच्या केसपेपरवरच्या त्या दोन शब्दांवर डॉक्टरांनी आडवी रेघ मारली, सही केली, तारीख टाकली. तुम्ही कागद मागून घेतलात आणि चष्मा लावून वाचलात. औषध बदललं. दोन दिवस ताप उतरला होता. संतोषशी हसून बोललात. मग हृदयानं साथ सोडली.

ते औषध पहिल्या दिवसापासून मिळालं असतं तर तुम्ही वाचला असतात का? मी फार्मासिस्ट आहे, मला खोटी ग्वाही देता येत नाही. कदाचित. कदाचित नाही. हा कदाचित आता माझ्याजवळ राहणार. पण एक गोष्ट मी खात्रीनं लिहू शकतो. आयुष्यभर जे बोलायचं टाळलं, ते तुम्ही भर वॉर्डात, ताप अंगात असताना, शुद्धीवर राहून बोललात. म्हणूनच मी हे सगळं इथं लिहायला धजलो. तुम्ही स्वतः उघड केलं नसतंत तर माझ्या पेनातून एक अक्षर आलं नसतं.

फोन ठेवताना काकूंनी विचारलं, "एक सांग रं प्रकाश. ती सुई टोचायच्या टायमाला हे मला म्हणाले, हात धर. लग्न झाल्यापास्नं चारचौघात कधी हात धरला न्हाई यांनी. आणि धरला तर माझ्याकडं बघंनात, खिडकीकडं बघत ऱ्हायले. का असं केलं असंल?"

मला उत्तर माहीत होतं. लिहून पाठवतो, एवढंच म्हणालो.

संतोषनं नंतर तुमची उशाखालची फाइल व्हिडिओ कॉलवर दाखवली. मेडिकल बुक होतं, पेन्शनचे कागद होते आणि सगळ्यांच्या वर माझं पत्र. उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं एक नंबर. तळाशी तुमच्या अक्षरात, 'वाचले. समजले.' आणि सही. माझ्या पत्राची तारीख बघता, पोचल्यापासून तीन-चार महिने तुम्ही ते जवळ बाळगलं होतंत. त्याची झेरॉक्स मात्र काढली नव्हती. कशी काढणार? गावातल्या झेरॉक्सवाल्यानं वाचलं असतं.

काकू, तुमच्या प्रश्नाचं उत्तर खाली आहे. संतोषला वाचून दाखवायला सांगा. तात्यांनी शिकवल्याप्रमाणं मी ऑफिस कॉपी ठेवली होती.

तीर्थरूप तात्यांस,

साष्टांग नमस्कार.

तुम्ही मला लिहून मागितलंत आणि मी प्रत्येक वेळी तोंडीच बोललो. आज लिहितो आहे. आधी माफी. लिफ्टपाशी मी जो शब्द वापरला तो मागं घेतो. गाडीत मी हसलो, तेही मागं घेता आलं असतं तर घेतलं असतं.

काही होणार नाही, असं मी अजूनही लिहून देऊ शकत नाही. तसं लिहिणं खोटं ठरेल. जे लिहून देता येतं ते देतो. तुमच्या बुकात जे लिहिलं आहे तो हुकूम नाही, ती शंका आहे. त्या कॅप्टन साहेबांनी तुम्ही सांगितलं त्यावरून, तुमच्या जिवाच्या काळजीनं ती नोंदवली. त्यांचं बरोबर होतं. शंका तपासता येते. घरी स्वतः गोळी घेऊन कृपा करून तपासू नका. हॉस्पिटलमध्येच, डॉक्टर शेजारी असताना. त्यांना एवढंच सांगा की खाज आली नव्हती, मी घाबरून पडलो होतो, आणि आता नक्की आठवत नाही. पुढचं ते ठरवतील. संतोषसमोर बोलायला जड वाटलं तर त्याला चहा आणायला पाठवा.

तुम्ही घाबरला होतात हे कळल्यावर माझ्या मनातली तुमची जागा तसूभरही हललेली नाही, हेही लिहून देतो. मी पहिल्यांदा पुण्याला गेलो तेव्हा बसमध्ये भीतीनं ते चौदा कागद पुन्हा पुन्हा मोजत होतो. तुम्ही बघितलं होतंत आणि कुणाला सांगितलं नव्हतंत.

सुईचं एक सांगतो. आम्ही हे सगळ्यांना सांगतो, मोठमोठ्या साहेबांनासुद्धा, आणि त्यात काही कमीपणा नाही. झोपून घ्यायची. काहीतरी खाऊन जायचं. सुईकडं बघायचं नाही, खिडकी असेल तर खिडकीकडं बघायचं. आणि काकूंना म्हणायचं, हात धर.

आपला,
प्रकाश